रंगाखालचा पत्रा

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले आमचे चिखला हे गाव नकाशावर शोधावे लागते. पण पोलादाच्या धंद्यातल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. शंभराहून अधिक वर्षे इथल्या जमिनीतून मॅंगनीज निघते आहे. या खनिजाची एक गंमत आहे. शेजारी शेजारी दोन ढीग रचलेले असतात. दोन्ही सारखेच काळे, सारखेच जड. नवख्याला त्यांत काही फरक दिसायचा नाही. पण एकाचा भाव दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतो. भाव ठरतो तो आतल्या मॅंगनीजच्या टक्क्यावर, आणि फॉस्फरस, सिलिका किती कमी आहे त्यावर. म्हणून नमुना ढिगाच्या माथ्यावरून उचलत नाहीत. चार ठिकाणचा, तळाचाही माल घ्यायचा, फोडायचा, एकत्र करायचा, त्याचे चार भाग करून दोन टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार करायचे, आणि शेवटी जी मूठभर भुकटी राहील ती प्रयोगशाळेत पाठवायची. खाणीच्या गावात वाढलेल्या माणसाला त्यामुळे एक सवय जडते. चमक पाहून भाव करायचा नाही.

माझे आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेले. साहजिकच नात्यागोत्यात कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी माझ्याकडे येतो. जीप, फियाट, ट्रॅक्टर यांच्यापुरते हे ठीक होते. पण मध्यंतरी नात्यातल्या एका तरुणाने जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार घ्यायचे मनात आणले. किंमत ऐकून त्याच्या आईने जेवण सोडले, कारण पैसा जाणार होता वडिलांच्या निवृत्तीचा. गाडी एका संस्थानिकाची आहे, एवढ्या एका गोष्टीवर विकणाऱ्याने किंमत दुप्पट लावली होती. मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता. गाडी राजाची होती म्हणून तिचे मोल खरोखर वाढते का? आणि वाढत असेल तर का?

मी त्याला हो-नाही काहीच सांगितले नाही. इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांचे चरित्र सांगितले. जुन्या वेगवान गाड्यांचे मोल कसे जोखावे, हे शिकायला हिंदुस्थानात त्यांच्याइतका चांगला धडा नाही. शिवाय तो माणूस आपल्या घरातला. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना होळकर हे नाव मिळाले, ते मल्हारराव आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई यांच्या गादीवर बसलेला.

सतराव्या वर्षी गादी

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षण इंग्लंडात, पुढे ऑक्सफर्डला. मुलगा तिकडे शिकत असताना इकडे १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून खटल्याचे प्रकरण घडले. मुमताज बेगम नावाची इंदूर दरबारातली नर्तकी, तिला आश्रय देणारा व्यापारी बावला, रस्त्यात गाडी अडवून झालेला हल्ला आणि बावलाचा खून. त्या दिवसांत घराघरांत दुसरी चर्चा नव्हती. संशयाची सावली इंदूरच्या राजवाड्यापर्यंत गेली. चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पेच इंग्रज सरकारने टाकला, तेव्हा तुकोजीराव महाराजांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली. सतरा वर्षांचा मुलगा महाराजा झाला. प्रत्यक्ष अधिकार हाती आले ते १९३० साली.

वडिलांची बदनामी मोटारीच्या प्रवासात घडली आणि मुलाचे नाव जगात गाजले तेही मोटारींमुळे! दैवाचा हा खेळ विलक्षण म्हणावा लागेल.

लग्न लहानपणीच झाले होते, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराणींशी. दोघेही उंच, सडपातळ आणि देखणे. युरोपात त्यांच्याभोवती चित्रकार, छायाचित्रकार यांचा गराडा पडे. मान रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढली. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांना एकदा पाश्चात्त्य पोशाखात आणि एकदा मराठी राजवेषात रंगवले. ऑक्सफर्डच्या दिवसांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराशी त्यांची गाठ पडली. त्याच्याकडून इंदूरला त्यांनी जो माणिकबाग राजवाडा सजवून घेतला तो १९३० ते १९३३ या काळातला. ना घुमट, ना झुंबरे, ना सोन्याचा मुलामा. सरळ रेषा, काच, धातू, चामडे आणि वातानुकूलित खोल्या. ल कॉर्ब्युझिए, आयलीन ग्रे, रुलमान यांच्या हातची आसने माळव्यात येऊन बसली. कोन्स्तान्तिन ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘पक्षी’ हे शिल्प त्यांनी एक नव्हे, तीन घेतले: एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. पंचविशीच्या आतबाहेरच्या या राजाची नजर तयार होती. जगाने पुढे ज्याला मोठे मानले ते याने आधी ओळखले होते.

चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

हीच नजर मोटारींना लागली. अल्फा रोमिओ, बुगाटी, बेंटली अशी त्या काळची वेगवान घराणी इंदूरच्या गॅरेजात नांदत होती. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण जुन्या गाडीची पारख तिथूनच सुरू होते. आज आपण शोरूममध्ये जातो आणि पूर्ण गाडी घेऊन येतो. त्या काळी उंची गाडीचे तसे नव्हते. कारखाना फक्त चासी द्यायचा, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके. त्यावर लाकडी चौकट उभारून पत्रा चढवण्याचे काम बॉडी बांधणारा वेगळा कारागीर करी. आपल्याकडे ट्रकची चासी घेऊन बॉडी वेगळीकडे बांधून घेतात, तशातलाच प्रकार. फक्त कसब दागिना घडवणाऱ्या सोनाराचे.

यशवंतरावांची सर्वांत प्रसिद्ध गाडी अशीच दोन घरांची लेक आहे. चासी अमेरिकेच्या इंडियानापोलिस शहरातल्या ड्यूसनबर्ग कारखान्याची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची. १९३५ च्या सुमाराची ही एसजे जातीची गाडी. लांबलचक चासी आणि त्यावर बसायला माणसे दोनच! केशरी आणि काळा रंग. पुढे लाल आणि निळे जादा दिवे, आत राजघराण्यातले कोणी आहे हे दुरून कळावे म्हणून. एका रांगेत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, त्यात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. कारखाना ताकद सांगे ३२० अश्वशक्ती. तुलनेसाठी सांगतो, १९३२ साली फोर्डची नवी आठ सिलिंडरची गाडी आली तेव्हा तिची ताकद ६५ अश्वशक्ती होती आणि लोक तिलाच वेगवान म्हणत. ड्यूसनबर्गच्या एसजे गाड्या साऱ्या मिळून चाळीसही झाल्या नाहीत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा गाडीचे मोल कशात असते? तिच्या वेगात नाही. आजची मध्यम किमतीची गाडी वळणावर तिला मागे टाकील. मोल असते ते ती तीच आहे यात. चासीवर ठोकलेला क्रमांक तोच, इंजिन त्याच चासीबरोबर आलेले, बॉडी त्याच कारागिराची, आणि पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत कागदांची साखळी न तुटलेली. चार दुवे. एक तुटला की भाव उतरतो, दोन तुटले की कोसळतो. मालकाचे नाव हा या साखळीवरचा लोलक आहे. साखळी नसेल तर लोलक कशाला टांगणार?

एक उदाहरण देतो. २०१८ साली अमेरिकेत एका लिलावात ड्यूसनबर्गचीच, पण आखूड चासीची एसएसजे गाडी २ कोटी २० लाख डॉलरला गेली. तिचा पहिल्या काळातला मालक होता हॉलिवूडचा नट गॅरी कूपर. अशा गाड्या बनल्याच दोन होत्या. पण नुसते नटाचे नाव सांगून एवढी रक्कम कोणी मोजली नसती. ते नाव कागदावर शाबीत होते.

लोहचुंबक आणि ताक

आमच्या तरुणाला मी म्हटले, गाडी पाहायला नंतर जाऊ, आधी कागद मागव. गाडी आधी पाहिली की मन तिच्यावर बसते आणि मग कागदातली खोट दिसेनाशी होते. मुलगी पाहून आल्यावर पत्रिका जुळवणाऱ्यांचे जे होते तेच. आरसी बुकात नावे कोणकोणती, कोणत्या साली, ते ओळीने लिहून काढायचे. मधली वीस वर्षे रिकामी असतील तर ती का, ते विचारायचे. संस्थानिकाचे नाव तोंडी सांगतात. ते आरसी बुकात, विक्रीच्या पावतीत किंवा निदान गाडीचा क्रमांक दिसणाऱ्या जुन्या छायाचित्रात आहे का, एवढेच पाहायचे.

मग गाडी. रुमालात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून फिरवायचे. जिथे ते पत्र्याला धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली असते. मात्र काही गाड्यांची मूळ बॉडी ॲल्युमिनियमची असते, म्हणून मूळ काय होते ते आधी माहीत हवे. पायाखालची गालिच्याची पट्टी उचलून जमिनीचा पत्रा पाहायचा. दाराजवळच्या लाकडी चौकटीला आरी टोचून पाहायची. आरी लोण्यासारखी आत गेली तर लाकूड संपले आहे. दार लावताना उचलावे लागत असेल तर चौकट बसली आहे असे समजावे. चासीचे कर्ण मापायचे. दोन कर्णांत फरक निघाला तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे, आणि वेगवान गाड्या आपटलेल्या असतातच.

इंजिन आपल्यासमोर, गार असताना सुरू झाले पाहिजे. तुम्ही पोहोचण्याआधीच कोणी ते तापवून ठेवले असेल तर चहा घेऊन ते निवेपर्यंत बसावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखे पांढरे दिसले तर पाणी आत शिरले आहे. गाडी अर्धा तास चालवून, इंजिन चांगले तापल्यावर ऑइलचा दाब पाहायचा. गार इंजिनाचा दाब सगळ्यांचाच चांगला असतो. प्रत्येक सिलिंडरचे कम्प्रेशन मोजून घ्यायचे. आणि शेवटी, नसलेल्या वस्तूंची यादी करायची: दिवे, घड्याळे, काचेची चौकट, टोपणे. नव्वद वर्षांपूर्वीच्या गाडीचा दिवा बाजारात मिळत नाही, तो घडवून घ्यावा लागतो आणि कधी कधी एका दिव्यापायी इंजिनाच्या कामाइतका खर्च येतो.

मग हिशेब. मागितलेली किंमत, अधिक दुरुस्तीचा अंदाज, अधिक त्या अंदाजाचा एक तृतीयांश, कारण गाडी उघडल्यावर नवे काहीतरी निघतेच. ही बेरीज त्याच जातीच्या एका धडधाकट गाडीच्या किमतीहून जास्त होत असेल तर धडधाकट गाडी घ्यावी. आणखी एक सांगतो. नव्या चकचकीत रंगापेक्षा जुना, विटलेला पण मूळचा रंग जाणकाराला अधिक प्यारा असतो. आजीच्या पैठणीला नवी किनार लावून कोणी तिचे मोल वाढवीत नाही. आपल्या सरकारनेही २०२१ साली नियम केले, तेव्हा पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांचीच विंटेज म्हणून वेगळी नोंदणी ठेवली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये; अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे कामाला जायला ही गाडी नव्हे, हेही घरात आधी ठरवलेले बरे.

आमच्या तरुणाने हे सारे केले. आरसी बुकातला चासी क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक यांत दोन आकड्यांचा फरक निघाला. राजाचे नाव कुठल्याही कागदावर नव्हते. डाव्या दाराखाली चुंबक धरेना. राजाला वगळून मी किंमत काढली तेव्हा ती मागणीच्या निम्म्याहून खाली आली, आणि दुरुस्ती धरून बेरीज तिच्याही वर गेली. त्याने गाडी सोडली. आईने त्या रात्री पोटभर जेवण केले.

माणसाची पारख

पण होळकरांचे चरित्र मी तिथे थांबवले नाही, कारण हीच कसोटी माणसालाही लावायची असते. यशवंतरावांवर जे लिहिले जाते त्यात बहुतेक चमकच असते: हिरे, गाड्या, काचेचे पलंग. आणि जे त्यांना नावे ठेवतात तेही त्याच चमकेकडे बोट दाखवतात. रंगाखालचा पत्रा कोणी पाहत नाही.

आधी गंजाची बाजू. हा सगळा पैसा शेवटी माळव्याच्या रयतेचा होता. महाराज वर्षातले कितीतरी महिने परदेशात असत. १९३७ साली संयोगिताराणी स्वित्झर्लंडमध्ये ऐन विशीत वारल्या आणि त्यांच्या आयुष्याची चौकटच हलली. ब्रांकुशीकडून ध्यानमंदिर बांधून घ्यायचे होते. शिल्पकार त्यासाठी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. पुढची दोन लग्ने अमेरिकन स्त्रियांशी. महायुद्धाचा बराच काळ अमेरिकेत गेला. १९४७ साली विलीनीकरणाच्या वेळी भोपाळच्या नवाबांच्या सल्ल्याने त्यांनी चालढकल केली आणि सही उशिरा केली. हे लपवण्याचे कारण नाही.

आता धड बाजू. १९३८ साली संस्थानातली मंदिरे हरिजनांना खुली झाली. इंदूरची तहान भागवणारा यशवंतसागर तलाव याच काळातला. १९४२ साली, इंग्रजांच्या कृपेवर गादी टिकवून असताना, हिंदुस्थानच्या प्रश्नात लवाद करावा असे उघड पत्र त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले. संस्थानिकाने असे करायला छाती लागते. आणि क्रिकेट! आमच्या नागपूरचे कर्नल सी. के. नायडू इंदूरला गेले ते होळकरांच्या आश्रयाने. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. मुंबईसारख्या बलाढ्य संघाला एका संस्थानाने धडकी भरवली होती. १९४८ साली मध्य भारत राज्य झाले, तेव्हा ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १९५६ साली तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत ते वारले. वय अवघे त्रेपन्न.

त्यानंतर जे घडले ते वाचून मला हळहळ वाटते. संस्थानिकांच्या गाड्या गॅरेजात धूळ खात पडल्या, आणि ज्यांना मोल कळत होते त्या परदेशी संग्राहकांनी एकेक करून त्या उचलल्या. होळकरांची ड्यूसनबर्गही अमेरिकेला गेली. १९७१ साली तनखे बंद झाले. माणिकबाग १९७६ साली सरकारने घेतला आणि तिथे अबकारी खात्याचे कार्यालय आले. आतले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावाला निघाले. ज्या खुर्च्या इंदूरमध्ये जुन्या फर्निचरात जमा होत्या, त्यांच्यासाठी तिकडे बोली लागली. २०१९ साली पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयाने या महाराजावर आणि त्याच्या राजवाड्यावर खास प्रदर्शन भरवले. आपल्या घरच्या वस्तू पाहायला तिकीट काढून पॅरिसला जायचे!

आमच्या तरुणाने खोट्या राजाची गाडी घेतली नाही, याचा मला आनंद आहे. त्याहून मोठी चूक आपण सगळ्यांनी मिळून केली, की खऱ्या राजाची अस्सल गाडी दाराशी उभी असताना तिची कागदपत्रेसुद्धा आपण वाचली नाहीत. नकली वस्तूला जादा पैसे देणे आणि अस्सल वस्तू मातीमोलाने जाऊ देणे, या दोन्हीच्या मुळाशी एकच आळस आहे. आपल्या माळ्यावर, वाड्याच्या पडवीत, आजोबांच्या लोखंडी पेटीत जे आहे, त्याची पावती, त्यावरचा कारागिराचा शिक्का, त्याचे जुने छायाचित्र एकत्र बांधून ठेवायला पैसा लागत नाही. रविवारची एक दुपार पुरते.

इंदूरला महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. ते उभे राहिले त्यांच्या हयातीतच. माळवा-निमाडातली गोरगरीब माणसे तिथे सकाळपासून केसपेपरसाठी रांगा लावतात. गावचे लोक त्याला नुसते ‘एमवाय’ म्हणतात.